रुखमाबाईचे पोट्टे आले

चिचबोडीच्या शाळेची घंटा कोणीतरी भंगारात विकून खाल्ली, त्याला बरीच वर्षं झाली. नवी घंटा कोणी मागितलीच नाही, कारण गावात रुखमाबाई निमगडे होती. दुपारी खिचडी शिजली की ती स्वयंपाकखोलीच्या दारात उभी राहायची, पदर खोचायची आणि एकच हाक मारायची, "या रे पोट्टेहो!" ती हाक शाळेत तर जायचीच, पण बोडीपल्याडच्या, म्हणजे गावतळ्यामागच्या भाताच्या बांध्यांत रोवणी करणाऱ्या बायकाही कंबर सरळ करून म्हणायच्या, "चला वं, जेवाची वेळ झाली." रुखमाबाईचा नवरा बापूराव डाव्या कानानं कमी ऐकतो. लग्नात ती त्याच्या डाव्या बाजूला बसली होती, असं लोक सांगतात. आता लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार!

तिचा स्वतःचा पोरगा पहिलीत होता तेव्हापासून बाई शाळेत खिचडी रांधते. तो पोरगा आता राजुऱ्याकडं कोळशाचा ट्रक चालवतो, पोरगी नागपुरात नर्स आहे. घरी उरली दोन माणसं, आणि त्यातला बापूराव तर अर्ध्या ताटातच ढेकर देतो. पण रुखमाबाईला दोघांपुरतं रांधता येतच नाही हो! हात बसलेला शाळेच्या गंजावर, त्या भल्यामोठ्या पातेल्यावर. रविवारी मूठभर डाळ घ्यायला जाते आणि गंजभर वरण होतं, मग ते शेजारच्या चार घरी जातं. तिच्या आळीत रविवारी कोणी वरण लावतच नाही, बायका वाटी घेऊन तयार असतात. उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की बाईचं डोकं फिरतं. बापूरावावर खेकसते, कोंबड्यांवर खेकसते, आणि शाळा उघडली की पुन्हा माणसात येते.

तर या शाळेत यंदा फोन आला. फोन सगळ्यांकडंच आहेत, त्याचं काय कौतुक? पण हा स्वयंपाकाचा फोन होता. त्यात 'ताटवाटी' नावाचं अॅप. सकाळी त्याला तोंडानं सांगायचं की किती मुलं हजर आहेत. सामान लागलं तर तेही तोंडानंच सांगायचं. मग तो सिंदेवाहीच्या दुकानदाराकडं मागणी पाठवणार, शाळेच्या खात्यातून पैसे भरणार आणि सामान दारात हजर. लिहिणं नको, आंगठा नको, तालुक्याला खेटे नकोत.

शाळेत मास्तर एकच, अजय सर. दुसरी जागा रिकामी. त्यामुळं मुख्याध्यापकही तेच आणि कारकूनही तेच. सरांना तर आकाश ठेंगणं झालं.

"बाई, हे यंत्र लय हुशार आहे," सर म्हणाले. "हजेरी सांगितली तर हजेरी मांडतं, सामान सांगितलं तर सामान मागवतं. बोलणं कशाचं आहे, ते त्याचं त्यालाच समजतं."

"आन् त्यानं गोंधळ केला तं?"

"यंत्राचा गोंधळ होत नाही, बाई."

हे वाक्य सरांनी केवढ्या मोठ्या तोंडानं म्हटलं होतं, ते जरा ध्यानात ठेवा.

या सगळ्यात एक मेख होती. वरून निरोप आला होता की एक महिना बघू. फोनवरचा कारभार नीट चालला तर गावातली चूल राहील. नाही जमलं तर चूल बंद, आणि तालुक्याच्या मोठ्या स्वयंपाकघरातून गाडीनं डबे येतील. हे ऐकलं आणि रुखमाबाई तडक घराकडं निघाली. घरी जाऊन ती उंबऱ्यावर बसली.

"चूल बंद झाली तं मी कोनाले वाढू वो?" तिनं विचारलं.

"मले वाढ ना," बापूराव म्हणाला.

"तुमी का जेवता, चिमनीवानी!" बाई ओरडली, आणि तिला एकदम रडूच आलं. बिचाऱ्या बापूरावानं त्या दिवशी दोनदा भात घेतला. रात्रभर पोट धरून लोळला, तो भाग वेगळा.

फोनमधून एक बाई बोलायची. आवाज कसा, तर मधात बुडवून काढलेला. "कृपया बोला," म्हणायची. "धन्यवाद," म्हणायची. रुखमाबाई तिला 'पुनेवाली' म्हणायची. ते यंत्र आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं, ती काही खुळी नव्हती. पण जे कोणी 'कृपया' म्हणतं, त्याच्याशी तिला चढ्या आवाजात बोलवेना. पहिले काही दिवस सरच बोलले, पुस्तकातल्यासारखं, "बासष्ट विद्यार्थी उपस्थित आहेत." सगळं सुरळीत चाललं. मग एक दिवस सरांना प्रशिक्षणासाठी सिंदेवाहीला जावं लागलं. जाताना म्हणाले, "बाई, आज हजेरी तुम्हीच सांगा. सोपं आहे."

रुखमाबाईनं हात धुतले, तोंड पुसलं, पदर खोचला. पोरं मोजली. फोन तोंडासमोर धरला आणि जशी बोडीपल्याड हाक मारते तशीच मारली.

"बासष्ट पोट्टे आले!"

पुनेवाली क्षणभर गप्पच बसली. कानठळ्या बसल्या असतील. मग म्हणाली, "बासष्ट पोती आले. बरोबर आहे का?"

रुखमाबाईला हसू आलं. पुण्याकडं पोट्ट्यांना पोती म्हणत असतील, प्रत्येकाची आपली तऱ्हा. ती समजुतीनं म्हणाली, "हव."

"हवं. धन्यवाद. आपली मागणी नोंदवली आहे."

पुण्यामुंबईकडच्या मंडळींच्या हे एव्हाना ध्यानात आलं असेल. आणि तेच तर आलं! आमच्याकडं त्याला अद्रक म्हणतात. जन्मात कोणी दुसरं काही म्हटलेलं नाही. आमच्याकडं 'आले' म्हणजे आले, पाहुणे येतात तसे. पण तुमच्या पुनेवालीच्या डोक्यात 'आले' म्हणजे चहात ठेचून घालायचं ते. त्यात पोट्ट्यांचे तिनं पोते केले, आणि बाईचं 'हव', म्हणजे आमच्याकडचं 'हो', तिला 'हवं' ऐकू आलं. तीन शब्दांत तिन्ही ठिकाणी माशी शिंकली.

बाईच्या मनात मात्र त्या दिवशी आनंदाच्या उकळ्या. "म्या फोन चालवला," हे तिनं अख्ख्या आळीला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेसमोर एक छोटा हत्ती टेम्पो येऊन थांबला, मागं पोत्यांची चळत. त्यातून कुलदीप उतरला. सिंदेवाहीत नुकतंच दुकान टाकलेला पोरगा. आजवर त्याला शाळांकडून बटाट्याच्या पलीकडं काही मागणी नव्हती.

"जयभीम, बाई! अकरा पोते आनले," तो घाम पुसत म्हणाला. "बाकीचे येऊन राह्यले. तीन बाजार फिरलो, ब्रह्मपुरीलेबी मानूस धाडला. पन एवढं अद्रक हाय कोनाजवळ?"

"कोनतं अद्रक?"

कुलदीपनं आपला फोन दाखवला. "पाहा ना. 'आले, बासष्ट पोती.' मले पहिले वाटलं, बासष्ट पोते कुठून तरी आले, अशी खबर हाय. मंग बाजूले अद्रकाचा फोटो दिसला."

"अरे भैताडा, बासष्ट पोट्ट्याइले बासष्ट पोते अद्रक लागते का? इचारायचं नाई?"

"सरकारी काम हाय म्हनलं. सरकारी कामात कायले इचारा?"

तेवढ्यात अजय सर पोचले. त्यांनी खातं पाहिलं आणि मटकन पायरीवर बसले. पुनेवालीनं खात्यात होतं नव्हतं तेवढं सगळं बयाणा म्हणून कुलदीपकडं पाठवून दिलं होतं. तेलाचं, हळदीचं, मिरचीचं, सगळं. कुलदीपनं त्याचं अद्रक केलं होतं. म्हणजे आता महिनाभर शाळेत तांदूळ, डाळ आणि अद्रक!

"यंत्राचा गोंधळ होत नाई ना वो सर?" रुखमाबाईनं विचारलं. सरांनी मान खाली घालून पुन्हा खातं उघडलं.

आणि वाईट वेळ म्हणतात ती अशी, की नेमका तेव्हाच सरांचा फोन वाजला. वरच्या कार्यालयातल्या नूतन मॅडम कारभार पाहायला निघाल्या होत्या. तासाभरात पोचणार. चूल ठेवायची की बंद करायची, हे त्यांच्याच हातात होतं.

रुखमाबाई पोत्यांकडं धावली. "सर, पोते लपवा," ती म्हणाली.

"कुठं लपवू? अकरा पोती आहेत, बाई!"

बाईनं इकडंतिकडं पाहिलं. शाळेत खुर्ची एकच होती आणि तिचा एक पाय गेलेला. तिनं पोती भिंतीला लागून एकावर एक रचायला लावली, वर पंधरा ऑगस्टला पाहुण्यांसाठी काढतात ती दरी, म्हणजे सतरंजी, अंथरली, दोन उशा ठेवल्या. झाला सोफा! कुलदीपला त्याच्या गाडीसकट शाळेमागं मोहाच्या झाडाखाली पिटाळलं आणि बजावलं, "तोंडातून चकार शब्द काहाडशीन तं पाहा."

मग सर बाईकडून वाक्य घोकून घेऊ लागले. त्या दिवशी पाच पोरं आलेली नव्हती, म्हणून वाक्य होतं, "सत्तावन्न विद्यार्थी उपस्थित आहेत." बाईच्या तोंडात ते काही केल्या बसेना. 'उपस्थित'चं एकदा 'उपाशी' झालं, एकदा 'उपरती' झालं. पण चूल वाचवायची होती. ती गंज घासत घासत पुटपुटत राहिली आणि गाडीचा आवाज आला तेव्हा वाक्य एकदाचं जमलं.

नूतन मॅडम उतरल्या. साडीची घडी मोडलेली नाही, बोलणं इस्त्री केलेलं. रुखमाबाई म्हणाली, "जयभीम, मॅडम." त्या म्हणाल्या, "नमस्कार. आपण सुरुवात करूया का?" आणि सोफ्यावर बसल्या. सोफा खाली कुरकुर वाजला. मॅडमनी नाक मुरडलं.

"हा वास कसला येतोय?"

"शाळेचा वास हाय, मॅडम," रुखमाबाई म्हणाली. "इद्यार्थ्याइचा."

"असा?"

"रोज घासून आंघोळ करतेत ना."

सरांनी घाईघाईनं फोन पुढं केला. मॅडम म्हणाल्या, "बाई, तुम्हीच बोला. मला पाहायचंय, तुम्हाला जमतंय का." रुखमाबाईनं डोळे मिटले. मग अगदी हळू, कोणाच्या तरी दुसऱ्याच्या आवाजात ती बोलली, "सत्तावन्न विद्यार्थी उपस्थित आहेत."

"सत्तावन्न विद्यार्थी. धन्यवाद," पुनेवाली म्हणाली.

जमलं की हो! सरांनी श्वास सोडला. मॅडम मान डोलावू लागल्या. रुखमाबाईला वाटलं, वाचली माझी चूल. फोन तिच्या हातात तसाच चालू होता, आणि तेवढ्यात फाटकातून पाच पोरं पळत आली, गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. आईबापांना बांधीत पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, नेऊन द्यायला गेली होती, म्हणून उशीर. आपली राहिलेली पोरं जेवणाआधी पोचली, हे पाहून बाईचा जीव हरखला. सगळी घोकंपट्टी विसरली आणि गरजली, "आले, आले! पाच पोट्टे आले!"

"पाच पोती आले," पुनेवाली म्हणाली. "बरोबर आहे का?"

रुखमाबाईनं तोंडावर हात दाबला. सर लांबून दोन्ही हात हलवत होते, पिकावरचे पोपट हाकलावे तसे. बोलायचं मात्र कोणीच धजेना. आणि नूतन मॅडम? त्यांना आपल्या यंत्राचं केवढं कौतुक वाटलं! उशिरा आलेली मुलंसुद्धा याला समजतात! त्या पुढं वाकल्या आणि हसून म्हणाल्या, "हव, हव! बरोबर!"

"हवं. धन्यवाद. आपली मागणी नोंदवली आहे."

शाळेच्या मागून टिंग टिंग असा आवाज आला. पाठोपाठ कुलदीपची आरोळी आणि त्याच्या पाठोपाठ खुद्द कुलदीप.

"बाई, आनखी पाच पोते अद्रक? अवो, पहिले अकरा तं मॅडमच्या खाली हायत! ते तं सरू द्या!"

मॅडम उठल्या. त्यांनी दरीचं टोक उचललं, पोत्याच्या शिवणीतून बाहेर आलेला एक गड्डा ओढला, हुंगला, आणि सरांकडं पाहिलं. सरांनी अडखळत सगळं सांगितलं. पोट्टे, पोते, आले, हव, हवं. ऐकता ऐकता मॅडमचा चेहरा उतरत गेला, कारण दुसरी मागणी कोणाच्या तोंडानं गेली, हे त्यांना समजलं होतं. त्यांनी झडप घालून फोन घेतला, आणि त्या इस्त्रीच्या बोलण्याची घडी अशी मोडली की विचारू नका.

"अवो बाई, काऊन मागवून राह्यली तू! मले नाई पाह्यजे! मले नाई पाह्यजे म्हनलं ना!"

पुनेवालीनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मुळे. किती पोती?"

कुलदीपनं हात जोडले. "मॅडम, मुळे आज नाई भेटत. बुधवारच्या बाजारात भेटतीन."

आधी एक पोरगी फिसकन हसली, मग पोरांची अख्खी रांग. सरांनी फोन घेऊन आधी त्याचा गळा दाबला, म्हणजे बंद केला. रुखमाबाई मात्र मॅडमकडं टक लावून पाहत होती.

"मॅडम, तुमी कुठच्या वो?"

मॅडम पोत्यांवर परत बसल्या. "राजुऱ्याकडची," त्या म्हणाल्या. "नोकरीत लागली तेव्हा पहिल्याच बैठकीत 'हव साहेब' म्हनलं, तं अख्खी बैठक हसली. लय लाज वाटली होती. तवापासून तोंडाले कुलूप लावलं. घरी मायसंगबी फोनवर पुस्तकावानी बोलतो मी. माय म्हनते, कोन बोलून राह्यलं?" आणि त्यांचे डोळे भरून आले. अद्रकामुळं असेल, असं सर नंतर म्हणायचे. सरांना कळतं काय? बंदर क्या जाने अदरक का स्वाद!

रुखमाबाई त्यांच्याजवळ खाली बसली. "मॅडम, एक सांगतो," ती म्हणाली. "चूक झाली ते झाली. पन माही चूल बंद नोका करू. मले दोघाइचं रांधता येत नाई वो. हे पोट्टे जेवले नाई तं मले घास उतरत नाई." तिचा तो गावभर ऐकू जाणारा आवाज या वेळी पलीकडच्या खिडकीपर्यंतही गेला नसता.

मॅडमनी पदरानं नाक पुसलं आणि विचारलं, "खिचडी झाली का? खरवड हाय का बुडाले?"

खरवड! गंजाच्या बुडाला लागलेली ती लाल, कुरकुरीत खिचडी. तिच्यासाठी पोरांत रोज मारामारी व्हायची. रुखमाबाईनं सगळी खरवड खरवडून मॅडमच्या ताटात घातली. पोरांनी मोठा निषेध केला, पण बाईच्या एका नजरेनं तो मिटला. मॅडम पोरांच्या रांगेत मांडी घालून जेवल्या. दुसऱ्यांदा मागितलं. खिचडीत अद्रक जरा ज्यास्तीच झालं होतं, सगळी शाळा उचक्या देत होती, मॅडमसुद्धा.

निघताना त्या म्हणाल्या, "बाईची चूक लिहायची तं माहीबी लिहा लागंल. पाच पोते म्या मागवले." आणि उचकी देऊन पुढं म्हणाल्या, "चूल राहू द्या. शिकायचं बाकी हाय ते यंत्राचं."

कुलदीप भला पोरगा. त्यानं पोती परत घेतली, पैसे परत पाठवले, फक्त दीड पोतं गावात राहिलं. ते रुखमाबाईनं घरोघर वाटलं आणि लोकांनी परसात लावून टाकलं. बापूरावानं तर न्हाणीजवळ अख्खा वाफा केला. मग अॅपवाल्यांकडून एक माणूस यंत्र घेऊन आला आणि चार दिवस रुखमाबाईला बोलतं करून तिचं बोलणं भरून घेऊन गेला. बाईनं त्याला हजेरी सांगितली, भाजी सांगितली, आणि बापूरावाला रोज काय काय म्हणते तेही सांगितलं. जाताना तो माणूस डाव्या कानात बोट घालून चालला होता.

दिवाळीच्या सुट्या संपल्या आणि नवा केलेला फोन शाळेत आला. एवढ्या दिवसांत रुखमाबाईनंही हट्टानं सरांचं वाक्य पाठ केलं होतं, पुन्हा चुकायला नको म्हणून. तिनं हात धुतले, फोन समोर धरला आणि एका दमात, एकही अक्षर न चुकता म्हणाली, "बासष्ट विद्यार्थी उपस्थित आहेत."

फोन म्हणाला, "का म्हनून राह्यली वं बाई? समजलं नाई. पुन्हा सांग."

ना कृपया, ना काही. रुखमाबाई फोनकडं पाहतच राहिली. मग तिला जे हसू फुटलं, ते चौकट धरूनही आवरेना. पोरं जमली, सर धावत आले, बोडीवरच्या म्हशींनी माना वर केल्या. बाईनं डोळे पुसले, पदर खोचला आणि हाक मारली.

"बासष्ट पोट्टे आले!"

"बासष्ट," फोन म्हणाला. "हव."

आणि रुखमाबाईनं गंज चुलीवर चढवला.